सहा विती, चार बोटं

भिवंडीत थंडी अंगाला कळायच्या आधी कानाला कळते. एरवी कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट पत्र्यांवरून वर वर निघून जातो. मार्गशीर्ष लागला की हवा जड होते आणि तो आवाज गल्लीतच ठाण मांडून बसतो, गुडघाभर पाणी साचावं तसा. त्यातून वाट काढत चालायचं. बोलायचं असेल तर समोरच्याच्या कानाला तोंड लावून ओरडायचं. आमच्याकडे कुजबुज म्हणतात ती हीच. लग्नाची बोलणी, घरातली भांडणं, कुणाच्या आजाराची बातमी, सगळं आम्ही एकमेकांच्या कानात बोंबलून सांगतो आणि शेजारून जाणाऱ्याला एक अक्षर कळत नाही. लूमच्या गावात गुपित राखायला दार लावावं लागत नाही.

शुक्रवारचं मात्र तसं नाही. शुक्रवारी वीज बंद, लूम बंद. त्या सकाळी कुणीतरी गावाच्या कानातला बोळा काढल्यासारखं होतं. कावळे ऐकू येतात. आपल्याच चपला ऐकू येतात. कुणाच्या घरात बशी फुटली तर तीन गल्ल्यांना कळतं. कामगार ओट्यावर उन्हाला बसून डोक्याला तेल चोळतात, मुलखात पत्रं लिहितात. विजेच्या तारांवर, झाडांवर, म्हाताऱ्यांच्या भुवयांवर आठवडाभर साठलेली रुईची लव उन्हात चमकते. आणि सवय जात नाही म्हणून अख्खं गाव त्या शांततेतही ओरडूनच बोलत असतं. 'चहा घेणार का' हे असं विचारतात, की वाटावं कुठे आग लागलीय.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक मी अशाच एका शुक्रवारी केली. लहान चुका पुष्कळ आहेत. हेडमास्तरांच्या निरोप समारंभात त्यांच्याच नावामागे 'कैलासवासी' लिहिलेला फळा मी रंगवलेला आहे. मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या काकूला नमस्कार करून 'मला पसंत आहे' म्हणालेलो आहे. ह्या गोष्टी मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. ही सांगत नाही. पण परवा थंडी पडली, आणि त्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर एका पोरसवदा माणसानं माझ्या हातात छापील कागद ठेवला. जुन्या इमारतींची पायी सफर, शुक्रवारी सकाळी, विनामूल्य. मी तो कागद दोनदा वाचला आणि चहा तसाच ठेवून उठलो. टपरीवाला मागून ओरडला, "मास्तर, साखर कमी हाय का?"

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात छापील कागद नव्हता. त्याच टपरीबाहेर एक पाटी टांगलेली असे, खडूनं लिहिलेली, वर मराठीत, खाली उर्दूत. 'जुनी भिवंडी पायी पायी. फुकट. चालायची तयारी असेल तरच यावे.' मी शेजारच्या शेलार गावचा, सुताराचा मुलगा, नुकताच गावातल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर झालेलो. शाळा दुपारची. सकाळी खोलीवर बसून करायचं काय? 'फुकट' वाचून मला वाटलं, निवडणूक आली असणार, शेवटी नाश्ता असेल. म्हणून पोट रिकामं ठेवून गेलो. साडेतीन तास चालवलं आणि अखेरीस अर्धा चहा मिळाला. तोसुद्धा, मागाहून कळलं, सरांच्या वाटचा अर्धा.

हमीद सर. इतिहास शिकवून निवृत्त झालेले, उंच, काठीसारखे. अंगात तपकिरी स्वेटर, त्याची कोपरं उसवलेली. पुढे सर, मागे आम्ही चार-पाच जण. त्यातला कायमचा म्हणावा असा मी, आणि दुसरा रामसुमेर. तो उत्तरेकडून आलेला लूम कामगार, सलीमशेठच्या कारखान्यात कामाला. त्याला इतिहासात रस नव्हता. तो म्हणे, "मास्टरजी, हफ्ते में एक दिन आदमी की आवाज़ सुनने को मिलती है. कुछ भी बोलो, हम सुनेंगे."

सर ओरडत नसत. सगळ्या गावात तेवढा एकच माणूस शुक्रवारी शुक्रवारसारखा बोलायचा. जुन्या मशिदीचं लाकडी छत दाखवताना आवाज इतका खाली आणत, की आम्ही आपोआप वाकत असू. इंग्रजांच्या वेळची कचेरी, भाताची बंद गिरणी, तळ्याच्या पायऱ्या, एका देवळाचा दगडी नंदी, ज्याचं एक शिंग कुणी मोडलं याच्या तीन वेगवेगळ्या हकिकती. सर तिन्ही सांगत आणि म्हणत, "तुम्हाला आवडेल ती घरी न्या." हात लावतील तिथं लाकडाची जात सांगत. "हा साग. हा शिसव. ही जांभळीची तुळई, पाण्याला दाद देत नाही." वाटेत एक वळण होतं, त्या वळणावर दोन्ही बाजूंना नवीन, एकसारखी, घाईनं बांधलेली घरं होती. तिथं सर काही सांगत नसत आणि कोणी विचारत नसे. चौऱ्याऐंशीच्या दंगलीला तीनच वर्षं झाली होती. त्या पन्नास पावलांत रामसुमेरच्या चपलांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि सगळ्याच्या शेवटी, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, मुसाफिरखाना.

तो बघायला काही फार नव्हता, हे आधीच सांगतो. दुमजली, कौलारू, पुढे लांब ओसरी आणि ओसरीला बारा लाकडी खांब. जेव्हा खाडीत पडाव, मालाच्या मोठ्या होड्या, लागायच्या, तांदूळ आणि मीठ यायचं-जायचं, तेव्हा येणारे-जाणारे इथं टेकायचे. सरांचे वडील तिथं दिवाबत्ती बघायचे, सरांचं बालपण त्या ओसरीत गेलेलं. पडाव कधीच बंद झाले, खाडी गाळानं भरली, आणि ती जागा वारशानं सलीमशेठकडे आली. शेठचा लूमचा कारखाना भिंतीला भिंत लागून. मुसाफिरखान्यात तो सुताच्या रिकाम्या पेट्या ठेवी.

पण त्या खांबांवर रेघा होत्या. बोटभर लांब, आडव्या, चाकूनं किंवा खिळ्यानं ओढलेल्या, शेकड्यांनी. सरांनी आम्हाला सांगितलं की जो इथून पुढच्या प्रवासाला निघायचा तो जाताना खांबावर एक रेघ ओढायचा. परत आला की त्याच रेघेवर दुसरी उभी ओढायचा, फुली करायचा. म्हणजे आलो, हिशेब मिटला. रेघ ज्याची त्यानंच कापायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बापानं मुलाची कापायची नाही, बायकोनं नवऱ्याची नाही. मी मास्तरी डोळ्यानं पाहिलं, बहुतेक फुल्या होत्या. पण अधूनमधून एकेक नुसती आडवी रेघ दिसे, आणि एकदा दिसली की मग त्याच दिसत.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी बाकीचे पांगले आणि सर मला म्हणाले, "ड्रॉइंग, इकडे ये." ते मला माझ्या विषयाच्या नावानंच हाक मारत. डावीकडून सातव्या खांबाशी नेलं, स्वेटरची बाही ओढून खांब पुसला. एक रेघ. सरळही नव्हती, एका बाजूला चढलेली.

"हा माझा धाकटा भाऊ. जहाजावर नोकरी लागली म्हणून गेला. एकोणीस वर्षांचा होता. रेघ ओढताना मी म्हटलं, वाकडी झाली रे. तर म्हणाला, परत आल्यावर सरळ करतो."

मी, लहानपणापासूनची खोड, त्या रेघेची उंची मोजली. वितीनं. आमच्या घरात माणूस गेला तरी आधी तिरडीचं माप घेतात, त्याला इलाज नाही. जमिनीपासून सहा विती आणि चार बोटं.

"किती भरली?" सरांनी विचारलं.

"सहा विती, चार बोटं."

"लक्षात ठेव," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा बुटका होता." मग बाही सारखी करत, "पत्रं यायची. मग बंद झाली. मी काही वाट बघत नाही, तसा गैरसमज नको. चाळीस वर्षं झाली. फक्त रेघ आहे तोवर मला त्याचं काही ठरवायला लागत नाही."

हे मला माहीत होतं. पुढे जे केलं ते हे माहीत असताना केलं, म्हणून सांगतोय.

एक गोष्ट मात्र मला दर शुक्रवारी टोचायची. गावभर लाकडाची जात सांगणारे सर मुसाफिरखान्याशी आले की लाकडाबद्दल गप्प. कुणी विचारलंच तर हात झटकून म्हणत, "लाकूड काय, साधंच. वाळवी लागलीय आतून. पोकळ झालंय सगळं." आणि मी, ज्याचा बाप लाकडाचा वास घेऊन जंगल सांगायचा, मागे उभा राहून चडफडत असे. तो अस्सल बर्मी साग होता. पोकळ तर सोडाच, नखानं ओरखडा उठत नव्हता. मला वाटलं, सर पुस्तकातले. मशिदीचं, कचेरीचं कुठेतरी वाचलंय, याचं वाचायचं राहिलं असेल. एवढ्या मोठ्या माणसाची एवढी मोठी चूक. सांगणार कोण? मी मनातल्या मनात त्यांना क्षमा केली. क्षमा करताना फार बरं वाटतं माणसाला.

पौषातला शुक्रवार. त्या दिवशी एक नवा पाहुणा आला होता. चकचकीत बूट, पातळ फ्रेमचा चष्मा, बोलणं लोण्यासारखं. ठाण्याहून आलोय म्हणाला, जुन्या गोष्टींची हौस आहे. त्यानं नाव सांगितलं होतं, मी ते विसरलो, आणि विसरलो याचं मला आजही वाईट वाटतं. शिव्या घालताना नुसतं 'तो' म्हणावं लागतं. प्रश्न मात्र असे नेमके विचारत होता, की सर खूश झाले आणि मला किंचित मत्सर वाटला. मुसाफिरखान्याशी आल्यावर त्यानं वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "खांब छान दिसतात, सर."

"दिसतात," सर म्हणाले. "आतून वाळवीनं खाल्लेत. पाडायला गेलं तर मजुरी अंगावर पडायची. म्हणून उभे आहेत."

शेजारी कारखान्याच्या ओट्यावर सलीमशेठ लुंगी लावून, ऊन खात, चहा घेत बसले होते. त्यांनी मान हलवली. सरांनी त्यांना हे दहा वर्षं ऐकवलं होतं, दर शुक्रवारी, न चुकता. मला कळायला हवं होतं. त्या क्षणी दगडाला कळलं असतं.

सरांचा अपमान होऊ नये म्हणून, हे बघा, माझा हेतू इतका चांगला होता, मी पाहुण्याला हळूच बाजूला घेतलं. सातव्या खांबाआड. त्याच्या कानाला तोंड लावलं. आणि आम्ही भिवंडीकर कानात जसं बोलतो तसं बोललो.

"सरांना लाकडातलं कळत न्हाय. अस्सल बर्मा साग हाय हा. वाळवीची बिशाद न्हाय. टाचणी जायाची न्हाय आत."

आणि पुरावा म्हणून मुठीनं खांबावर ठोकलं. टण्.

गावात लूम बंद होते. माझा आवाज ओसरीतून निघाला, समोरच्या भिंतीवर आपटला आणि परत आला. एक कावळा उडाला. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी 'क्या हुआ' म्हणालं. पाहुण्यानं कान चोळला. रामसुमेर माझ्याकडे बघत होता, त्याचं तोंड जरा उघडं होतं. सर खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. खूप वेळ बांधत होते. नंतर आठवलं तेव्हा लक्षात आलं की सर चामड्याच्या चपला घालायचे. त्यांना नाडी नव्हती.

सलीमशेठनी कप बशीत ठेवला.

"मास्तर," ते म्हणाले, "जरा परत बोला. ते टाचणीचं."

आणि मी परत बोललो. इथं माणसानं थांबावं की नाही? पण मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'परत बोला' म्हटलं होतं. वर्गात मला कोणी ऐकत नाही, घरी कोणी ऐकत नाही. मी सागाच्या रेषा दाखवल्या, तेल दाखवलं, वरच्या तुळया दाखवल्या, आणि जिन्याचे कठडेही त्याच झाडाचे असणार हे न विचारता सांगितलं. पाहुण्यानं खिशातून मोजपट्टी काढली. "मास्तर, हे टोक धरता का?" मी धरलं. बाराही खांबांचं. सहाव्यानंतर मी त्याला म्हणालो, "पुढचा जरा नीट घ्या, तो विशेष आहे." असं म्हणालो मी.

सर जाताना म्हणाले, "ड्रॉइंग, तुझा आवाज चांगला आहे. वर्गात वापरत जा." मला ती शाबासकी वाटली. घरी येऊन मी आरशात बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

पंधरा दिवसांत कौलं उतरली. रामसुमेर शाळेच्या दारात मला सांगायला आला. तो ड्युटी टाकून आला होता. "मास्टरजी, खंबे जा रहे हैं." मी धावलो. ओसरी उघडी पडली होती, खांबांवर तेलरंगानं आकडे घातले होते. सात नंबर ट्रकवर चढलेला. सलीमशेठ तिथंच खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, शेठ, तेवढा एक ठेवा. सरांचा आहे तो.

सलीमशेठ वाईट माणूस नव्हता. असता तर मला फार सोयीचं झालं असतं. ते म्हणाले, "मास्तर, माझे दोन भाऊ बिनकामाचे बसलेत. इथं चोवीस लूम बसतील. दहा वर्षं सरांनी सांगितलं पोकळ हाय, मी मानलं. मोठा माणूस, खोटं कशाला बोलंल? तुमी सांगितलं तवा कळलं. आता तुमीच सांगा, कोनाचं ऐकू?"

"त्या एका खांबाचं..."

"आदी बोलायचं व्हतं," ते म्हणाले. मग स्वतःच ओशाळले. "म्हंजे, आदी न्हाय बोलायचं व्हतं."

ट्रक कशेळीच्या रस्त्याला लागला. मी शाळेच्या शिपायाची सायकल घेऊन मागे. सांगायला लाज वाटते, पण दापोड्याच्या आधीच चेन उतरली. ती चढवताना हात काळे, त्याच हातानं घाम पुसला, तोंड काळं. कशेळीला खाडीच्या अलीकडे लाकडाची वखार सापडली तेव्हा दुपार टळून गेली होती. वखारीचा माणूस माझं तोंड बघून म्हणाला, "कुनाकडं, रंगारी?"

खांब आडवे पडले होते. चौघांवर रंधा फिरून झाला होता. पाहुणा नव्हता, बूटही नव्हते, नुसता एक सुतार होता आणि त्याच्या पायाशी घोट्यापर्यंत सालं, पिवळीधमक, कुरळी, सागाच्या वासाची. मी आकडे शोधत गेलो. पाच होता, सहा होता, आठ होता. नंबर असलेली बाजू रंध्याखाली गेली की नंबरही जातो, हे मला सुताराच्या पोराला कुणी सांगायला हवं होतं का?

चार नवेकोरे खांब. त्यातला एक तो. त्यावर आता काहीच नव्हतं. शंभर वर्षांची काजळी, तेल, हात, रेघा, फुल्या, सगळं निघून आत मधासारखं लाकूड उघडं पडलं होतं, सरळ रेषांचं, उन्हात पेटल्यासारखं. आणि मला ते आवडलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. गुडघ्यावर बसून, काळ्या तोंडानं, मी त्या चारांवरून हात फिरवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की काय सुंदर लाकूड आहे. दुसरा विचार यायला कशेळी ते भिवंडी चालत यायला लागलं. चेन परत उतरली होती.

पुढच्या शुक्रवारी मी जाणार नव्हतो. गेलो, कारण गेलो नसतो तर कारण सांगावं लागलं असतं. सर नेहमीसारखे आले. मशीद, कचेरी, गिरणी, नंदी. शेवटी खाडीच्या रस्त्याला उतरलो. मोकळी जागा, विटांचा ढीग, चुन्याच्या खुणा. सर तिथं उभे राहिले आणि म्हणाले, "हा मुसाफिरखाना." होता नाही. हा. ओसरी सांगितली, बारा खांब सांगितले, रेघांची रीत सांगितली. नवे दोघे होते ते एकमेकांकडे बघायला लागले. रामसुमेरनं मान खाली घातली. फक्त एक गोष्ट बदलली होती. सर म्हणाले, "लाकूड अस्सल बर्मी साग. टाचणी जाणार नाही आत." शब्दन् शब्द माझा होता. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

मग शेड झाली, लूम बसले, रामसुमेर त्यातल्याच चार लूमवर उभा राहिला. वर्षं गेली. ब्याण्णवचा आणि त्र्याण्णवचा हिवाळा सरांनी कुणाला बाहेर काढलं नाही, स्वतःही निघाले नाहीत. त्यानंतर पाटी पुन्हा लागली, पण येणारं कोणी उरलं नाही. रामसुमेर मुलखात गेला तो गेलाच. सर आणि मी, दोघंच. सर वाकले होते, हकिकती विसरायला लागले होते, नंदीच्या शिंगाच्या तीन हकिकतींची आता एकच झाली होती. मी दर हिवाळ्यात ठरवायचो, यंदा सांगून टाकू, सर, मी मूर्ख. आणि दर शुक्रवारी त्या शांततेत तोंड उघडायची भीती वाटायची. माझा आवाज मला माहीत होता.

एका शुक्रवारी सर शेडच्या भिंतीशी थांबले. खिशातून खडू काढला.

"ड्रॉइंग, सातवा कुठे यायचा?"

मी पावलं मोजली. भिंतीवर बोट ठेवलं.

"आणि उंची? तू मोजली होतीस. माझी गेली डोक्यातून."

"सहा विती, चार बोटं."

"काढ. वाकडी काढ. उजवीकडे जरा चढती."

मी काढली. सरांनी मान तिरकी करून ती बघितली. मग म्हणाले, "तू दर शुक्रवारी माझ्याकडे बघून तोंड उघडतोस आणि मिटतोस. माशासारखा. मी तिथंच उभा होतो रे. मलाच काय, खाडीपल्याड ऐकू गेलं असेल."

मी म्हटलं, "सर, मी..."

"चूक माझी. बाकीच्या सगळ्यांना खोटं सांगितलं, तुला खरं सांगायचं राहिलं. मला वाटलं, सुताराचं पोर आहे, त्याला दिसत असेल मी खोटं का बोलतोय ते."

मला लाकूड दिसलं होतं. माणूस दिसला नव्हता. हे मी तेव्हा बोललो नाही, आत्ता लिहितोय.

शनिवारी लूम सुरू झाले की भिंत थरथरते. दुपारपर्यंत खडू झडून जातो. म्हणून दर शुक्रवारी मी ती रेघ नव्याने काढायची, सरांनी बघायची, आणि आम्ही अर्धा अर्धा चहा प्यायचा, असं तीन हिवाळे चाललं. मग एका उन्हाळ्यात सर गेले. रेघ मी काढत राहिलो. शाळेतल्या खडूंचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा केलेला नाही.

आणि आता मंदी. सलीमशेठच्या भावांनी लूम भंगारात काढले. शेडला कुलूप आहे. शुक्रवार असो, सोमवार असो, त्या गल्लीत कावळे ऐकू येतात. भिंत थरथरत नाही. गेल्या हिवाळ्यात काढलेली रेघ वरच्या पत्र्याच्या आडोशाला पावसातही तशीच राहिली. नव्यानं काढायला लागली नाही. मी आयुष्यात लूमच्या आवाजाला इतक्या शिव्या दिल्या, आणि तो थांबल्यावर मला शुक्रवारी करायला काम उरलं नाही.

म्हणून शुक्रवारी त्या विनामूल्य सफरीला गेलो. बस करून आलेली माणसं, गळ्यात कॅमेरे. सांगणारा पोरगा हुशार होता, तोंडपाठ होतं सगळं. मशीद, कचेरी, नंदी. शिंगाची हकिकत एकच, आणि तीही चौथीच. मी मागे मागे, गप्प. खाडीच्या रस्त्यावर बंद शेड बघून तो म्हणाला, "इथं बघण्यासारखं काही नाही," आणि सगळे पुढे निघाले. माझं तोंड उघडलं. एक मुलगी मागे राहिली होती, चपलेत खडा गेला म्हणून. तिनं विचारलं, "काका, ही रेघ कसली?"

दहा वर्षं पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. आता ऐकायला माणूस होता, गल्लीत शांतता होती, आणि लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

"काही न्हाय," मी म्हणालो. "सुतारानं मापाची काढली असंल."

ती बरं म्हणाली, भिंतीला पाठ टेकून एका पायावर उभी राहिली, चपलेतला खडा झटकला आणि पळत पुढे गेली. तिचा स्वेटर निळा होता. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, पांढरी रेघ होती, छाप उलटा उठल्यामुळे आता डावीकडे जरा चढती. भिंतीवर नुसता पुसट डाग. हाक मारायला पाहिजे होती. बाई गं, पाठीला खडू लागलाय, एवढंच. माझा आवाज तर किती लांब जातो, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

ती बसमध्ये चढली. बस सुरू झाली आणि कशेळीच्या रस्त्याला लागली. मी वीत टेकून भिंत मोजली, सहा आणि चार, आणि खिशात हात घातला. खडू होता. मग तो तसाच राहू दिला. रेघ निघून गेली होती, आणि गेलेल्याच्या रेघेला दुसऱ्यानं हात लावायचा नसतो.